बटण मी बांधलं होतं

पप्पा,

परवा पाळकसाहेब घरी आले होते. आईला आता चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून महिन्यातून एकदा ते घरी येऊन तिला प्रभुभोजन देतात. दर वेळी ती सकाळीच पांढरी साडी नेसून, केस विंचरून बसते. परवाही बसली होती. प्रार्थना झाली, भाकरीचा तुकडा तिच्यापुढे आला आणि तिनं मान हलवली. "आज नको," एवढंच म्हणाली. पाळकसाहेबांना वाटलं मळमळत असेल. ते जरा वेळ बसले, तिच्या गोळ्यांची चौकशी केली आणि गेले. मग आईनं मला दार लावून घ्यायला सांगितलं, आणि डाळीचा डबा कुठल्या फळीवर आहे हे सांगावं तशा आवाजात एक गोष्ट सांगितली. पप्पा, मी दोन मुलांची आई आहे, माझे केस पिकलेत, आणि मी त्या गोष्टीनं अशी हादरले की स्वयंपाकघरात जाऊन गॅससमोर नुसती उभी राहिले. चहा करायचा होता की आणखी काही, ते आठवेना. तिथेच मला तुमची आठवण आली. हे सांगायला मला तुमच्याशिवाय कोणी नाही, आणि तुम्हाला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली.

ती काय म्हणाली ते सांगतेच. पण आधी ते दिवस मला माझ्यासाठी ओळीनं लावू देत. इतकी वर्षं ते मला पाठ आहेत असं मला वाटत होतं.

मी बारावीला होते. आपण शरणपूरच्या त्या दोन खोल्यांत राहायचो आणि तुम्ही अंबडच्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या विभागाचे सुपरवायझर होतात. दुपारची वेळ आहे. आई ओट्याशी भाकरी थापतेय, मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसलेय. तुम्ही अवेळी घरात शिरता आणि माझ्या अंगावरून थेट स्वयंपाकघरात जाता, पायांत चपला तशाच. आईच्या स्वयंपाकघरात चपला घालून जायची आपल्यापैकी कोणाची हिंमत नव्हती. ती रागावायलाच वळली, आणि तिला तुमचा शर्ट दिसला. शर्ट छातीपासून खाली रक्तानं कडक झाला होता. तुम्ही म्हणालात, "हात गेला." आईनं विचारलं, "तुमचा?" यावर तुम्ही तुमचे दोन्ही हात पुढे धरलेत आणि उलटसुलट करून पाहिलेत. जणू तुम्हालाही ते तेव्हाच पाहायचं सुचलं. मग म्हणालात, "नाही. त्याचा. पेठवाल्याचा."

पेठवाला म्हणजे पेठच्या डोंगरातला तो माणूस. भाताची कापणी आटोपली की बायकोला घेऊन नाशिकला यायचा आणि उन्हाळाभर ठेकेदाराकडून तुमच्या विभागात काम करायचा. तुम्ही घरी त्याच्याबद्दल बरंच बोलायचात. हात चलाख आहे, पण एकदा लग्नातून परस्पर पिऊन आला होता, त्याला मी गेटवरूनच परत पाठवलं, असंही एकदा जेवताना सांगितलं होतंत. ही गोष्ट पुढे किती महाग पडणार आहे ते त्या वेळी आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

तुम्ही शर्ट बदललात, पाणीही न पिता सिव्हिल हॉस्पिटलला परत गेलात. मी संध्याकाळी क्लासला गेले. आले तेव्हा ओट्यावर पाहुण्यांच्या कपबश्या होत्या. आई म्हणाली, तुमचे मॅनेजर येऊन गेले, चौकशी करायला आले होते. मी कपबश्या विसळून ठेवल्या. यापलीकडे मी त्याचा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच ऐकू यायला लागलं की तो माणूस पिऊन मशीनवर बसला होता. तुमच्याबरोबरचे लोक घरी यायचे, खुर्चीत टेकायचे आणि हेच बोलायचे. त्यांच्या बोलण्यात तुमच्याबद्दल काळजी होती, मी ती ऐकलीय. सरकारी इन्स्पेक्टर तपासणीला येणार होता, आणि तुम्ही त्याला एवढंच सांगायचं होतं की पेठवाल्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. बाकी सगळं मॅनेजर बघून घेणार होते. तुम्ही कोणाला हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. माणसं गेली की तुम्ही पितळी दिवा घासल्यासारखे आपले दोन्ही तळवे एकमेकांवर घासत बसायचात. जेवण पानात तसंच राहायचं. माझ्याशी तर तुम्ही त्या आठवड्यात एक शब्दही बोलला नाहीत. मला वाटत होतं तुम्हाला रक्त पाहिल्याचा धक्का बसलाय आणि काही दिवसांनी तो ओसरेल.

मग तो रविवार. चर्चमध्ये प्रभुभोजनाची तबकं फिरवणाऱ्या वडील मंडळींत तुम्ही होतात. तुम्ही आमच्या रांगेत आलात, आईपुढे तबक धरलंत, तिनं घेतलं. माझ्यापुढे धरलंत, मी घेतलं. सगळ्यांना देऊन झाल्यावर तुम्ही तबक मेजावर ठेवलंत आणि रिकाम्या हातानं आपल्या जागेवर जाऊन बसलात. पाळकांनी तुमच्याकडे पाहिलं, थांबले. तुम्ही खाली बघत होतात. माझ्या शेजारच्या काकूंनी मला कोपरानं ढोसलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं, कारण न घेण्याचा अर्थ आपल्या मंडळीत शेंबड्या पोरालाही कळत होता. ज्याच्या मनात न मिटवलेलं काही आहे, तोच ते न घेता परत जातो.

घरी आल्यावर आईनं मला दही आणायला पिटाळलं. दही घरात होतं, हे मला रस्त्यात आठवलं, पण गेले. परत आले तेव्हा तुमचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मोठा नव्हता, पण एकेक शब्द वेगळा ऐकू येत होता. "बटण मी बांधलं होतं." मी दारातच थांबले.

हे बटण काय ते मला त्या दिवशी कळलं. त्या प्रेसला दोन बटणं होती, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा, म्हणजे माणसाचा एकही हात आत राहू शकत नव्हता. काम भरभर उरकायचं असेल तर एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं दाबून बांधून टाकायचं. मग एका हातानं पत्रा सरकवायचा आणि दुसऱ्यानं बटण दाबायचं. त्या सकाळी ती पट्टी तुम्ही स्वतः बांधली होती.

आई म्हणत होती, "मालकांनी माल दुप्पट मागितला म्हणूनच बांधलं ना? स्वतःच्या हौसेनं बांधलं का? सगळ्या अंबडमध्ये बांधतात. तुम्ही एकट्यानंच कशाला गळ्यात घ्यायचं?" तुम्ही म्हणालात, "आदामाला देवानं सरळ विचारलं होतं, फळ खाल्लंस का? हो म्हणायचं होतं, संपलं असतं. त्यानं बायकोकडे बोट दाखवलं. बायकोनं सापाकडे. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकतोय आणि मला वाटायचं, त्यांचं पाप ते फळ होतं."

आईनं त्यावर काही उत्तर दिलं नाही, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. आई वादात हार मानणारी बाई नव्हती. मी दही घेऊन आत गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तुम्ही तिच्यापुढे पाण्याचा पेला धरून उभे होतात.

इन्स्पेक्टर आला त्या दिवशी आईनं मला तुमचा डबा घेऊन कारखान्यात पाठवलं. तुम्ही डबा विसरला नव्हतात, आईनंच सकाळी दिला नव्हता. पोरीचं तोंड बघून तुमची जीभ अडखळेल असं तिला वाटलं होतं, हे मला फार पुढे कळलं. मी सिटी बसनं अंबडला उतरले, गेटवर नाव सांगितलं आणि वॉचमननं मला शेडच्या दारापर्यंत सोडलं. मशिनं बंद होती. कारखाना इतका शांत असू शकतो हे मला विचित्र वाटलं. त्या प्रेसभोवती सगळे उभे आहेत, इन्स्पेक्टर, मालक, मॅनेजर, मागे कामगार. तुमची नजर माझ्यावर पडते, डब्यावर जाते, आणि क्षणभर तुमचा चेहरा इतका दमलेला दिसतो की मला वाटलं तुम्ही आता खाली बसाल.

मॅनेजरचं वासाचं सांगून झालं होतं. इन्स्पेक्टरनं तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "तो प्यायलेला नव्हता. उजवं बटण बांधलेलं होतं आणि ते मी बांधलं होतं."

मॅनेजर हसले. मला ते हसू अजून दिसतं, त्यात वाईटपणा नव्हता, बुडणाऱ्यापुढे दोर टाकावा तसं होतं. ते म्हणाले, यांना म्हणायचंय की कामगारानं बांधलं आणि यांच्या लक्षात आलं नाही. तुम्ही म्हणालात, "नाही. माझ्या हातानं बांधलं. तो नको म्हणत होता."

तो नको म्हणत होता. हे तर तुम्ही घरीही सांगितलं नव्हतंत. मागे उभ्या असलेल्या कामगारांपैकी कोणीतरी श्वास आत ओढला. इन्स्पेक्टरनं लिहिणं थांबवलं आणि विचारलं, बांधायला तुम्हाला कोणी सांगितलं? मालकांचा चेहरा पांढरा पडला. आता तुम्ही त्यांचं नाव घेणार असं मला वाटलं, आणि घ्या, घ्या असं मी मनात म्हणत होते. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "माल जास्त मागितला होता, रोजच मागतात," तुम्ही म्हणालात. "बटण बांध असं कोणी म्हणालं नाही. ते मी ठरवलं."

डबा माझ्या हातातच राहिला. मी तो तसाच घरी आणला. आईनं झाकण उघडून पाहिलं, भाजी भांड्यात ओतली आणि काय झालं म्हणून मला विचारलंही नाही.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला बरोबर घेऊन सिव्हिलला गेलात. मला का नेलंत ते कधी सांगितलं नाहीत. कदाचित एकट्यानं जाववत नव्हतं. तो पलंगावर उशाला टेकून बसला होता, उजवा हात पांढऱ्या बँडेजचा गोळा झालेला. बायको खाली फरशीवर बसली होती. तुम्ही पलंगाशी उभं राहून शेडमध्ये सांगितलं तेच जसंच्या तसं सांगितलंत. त्यानं ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट बघत होते, पण तो गोंधळल्यासारखा तुमच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सायेब, मला तं समदे सांगत व्हते का माझंच ध्यान नव्हतं. मला बी तसंच वाटाया लागलं व्हतं. राती पडून मी तेच आठवत व्हतो, का माझं ध्यान कुठं गेलं व्हतं." आणि तो रडायला लागला. ते रडणं हाताचं नव्हतं, हे मला त्या वयातही कळलं. नावावरचा बट्टा पुसला गेल्यासारखा तो रडत होता. ट्यूब तुम्ही बांधताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, नको म्हणाला होता, आणि तरीही आठवडाभर चारचौघांचं ऐकून तो स्वतःलाच दोषी धरून बसला होता. माणसाला इतकं फिरवता येतं, याचा मला जो धक्का बसला तो रक्तापेक्षा मोठा होता.

त्याची बायको मात्र उठून तुमच्यासमोर उभी राहिली. "आता सांगून काय? हात परत येनार हाय का?" तुम्ही म्हणालात, "नाही." तिला आणखी काहीतरी ऐकायचं होतं. तुम्ही तेवढंच म्हणालात.

बाहेर आल्यावर मी विचारलं, तुम्ही माफी का मागितली नाहीत? तुम्ही स्टँडवरून सायकल काढलीत. मग म्हणालात, "मागितली असती तर बिचाऱ्याला द्यावी लागली असती. त्याच्याकडून अजून काय काय घ्यायचं?"

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नोकरी गेली. खटल्यात तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत आणि झाली ती शिक्षा घेतलीत. मालकांवरही खटला झाला, पण त्यांचे वकील मोठे होते. पेठवाला प्यायलेला नव्हता हे नोंदलं गेलं, त्यामुळे त्याचा भरपाईचा हक्क बुडाला नाही, एवढं एक झालं. अंबडमध्ये तुम्हाला कोणी उभं करेना. शेवटी द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात तुम्हाला काम मिळालं, तुमच्या निम्म्या वयाच्या माणसाच्या हाताखाली. मला बारावीला कमी मार्क पडले तेव्हा मी तुमच्यावर ओरडले होते की हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही हाताचं ग्रीस पुसत म्हणालात, "घर हललं ते माझ्यामुळे, ते माझं. तू पुस्तक उघडलं नाहीस, ते कोणाचं?" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी तुम्ही गॅरेजातून येताना माझ्यासाठी पुढच्या परीक्षेचं गाईड घेऊन आलात, जुन्या बाजारातून, आधीच्या कोणाच्या तरी खुणा केलेलं.

आणि एक कबूल करते. तुमचं शेडमधलं उत्तर मला कधीच पूर्ण पटलं नाही. माझी नोकरी कामगार खात्याशी संबंधित आहे, मी अशा कितीतरी चौकशा पाहिल्यात. माल दुप्पट मागणारा माणूस ट्यूबला हात लावत नाही, त्याला लावावा लागत नाही. तुम्ही स्वतःचं सगळं उचललंत त्यात त्याचंही थोडं उचललंत, असं मला वाटायचं आणि वाटतं. देवापुढे आपलं तेवढंच कबूल करायचं असतं, हे तुम्ही म्हणाला असतात. ते ठीक आहे. पण इन्स्पेक्टर देव नव्हता पप्पा. या एका गोष्टीवर तुमच्याशी भांडायचं ठरवून मी वर्षानुवर्षं मुद्दे जमवत होते, आणि दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तुम्ही गॅरेजातून आलात, पाणी मागितलंत आणि गेलात.

आता परवाची गोष्ट.

आई म्हणाली, "तो पिऊन होता हे मॅनेजरला मी सांगितलं होतं."

अपघाताच्या संध्याकाळी, मी क्लासला गेले असताना, मॅनेजर आले होते ते खरंच चौकशीला. त्यांच्या डोक्यात तोवर काही नव्हतं, तेही घाबरलेलेच होते. आईनं चहा दिला. ते म्हणाले, वहिनी, कसं झालं काही कळत नाही, उद्या सगळे सुपरवायझरलाच धरतील. आणि आईच्या तोंडून गेलं की ती पेठकडची माणसं पितातच, याला तर यांनी एकदा गेटवरून परत पाठवलं होतं. मॅनेजरनी कप खाली ठेवला आणि विचारलं, असं का? आई म्हणाली, हो, आजही तसंच असणार. "आजही तसंच असणार, हे मी म्हणाले," परवा आई म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर तू होतीस. तो माणूस मी पाहिलेलाही नव्हता."

मी विचारलं, पप्पांना हे माहीत होतं? तिनं मला त्या रविवारची आठवण करून दिली. मला दही आणायला पाठवलं होतं, तेव्हा तिनं तुम्हाला सगळं सांगितलं होतं. मी दारात उभी राहून जे ऐकलं ते त्याच्या नंतरचं होतं. तुम्ही आदामाचं बोललात ते तिनं सांगितल्यावर. मग तुम्ही शेडमध्ये उभे राहिलात, खटल्यात उभे राहिलात, मॅनेजरनी तुमच्या तोंडावर सांगितलं की ही गोष्ट तुमच्याच घरातून आली, तरी तुम्ही घराबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. आई म्हणते, शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही तिला त्यावरून एकदाही बोलला नाहीत. रागानंही नाही, भांडणातही नाही. "बोलले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी दर महिन्याला प्रभुभोजन घेत आले. त्यांनी त्या दिवशी घेतलं नव्हतं आणि मी घेतलं होतं."

पप्पा, मला वाटायचं मी तुम्हाला ओळखते. तुमचा हट्ट, तुमचं ते ‘माझं ते माझं’, त्यापायी आईला सोसावं लागलं असं मी आयुष्यभर समजत आले. लोकांना सांगतही आले. आईनं मला कधी थांबवलं नाही, आणि तुम्ही तर नाहीच. आता दोन दिवस मी घरात वावरते आणि माझे हात चालतात, पण आत काहीतरी जागच्या जागी उभं आहे. हे लिहून काय करायचं मला माहीत नाही. तुमच्या कबरीवर ठेवायला मी काही लहान मुलगी नाही, आणि आईला वाचून दाखवायची माझी तयारी नाही. लिहून झालं की ठेवून देईन.

एवढं सांगायचं राहिलं. सगळं बोलून झाल्यावर आईनं मला विचारलं, "आता तुला माझ्याबद्दल काय वाटतं?" मी तिच्या अंगावर शाल सारखी केली आणि म्हणाले, "काही नाही, आई. जुनं झालं ते." ती माझ्याकडे बघत राहिली. ते खरं नव्हतं, हे तिलाही कळलं.